रास्ता पेठेतून सहा गावांत : के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाची वाटचाल

पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय १९१२ साली सुरू झाले ते प्रसूतिगृह म्हणून. पुढे तिथे इतर शाखा आल्या, मजले चढले, संशोधन केंद्र उभे राहिले. तरीही या रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचा इतिहास सांगताना पहिली नोंद त्या प्रसूतिगृहाचीच करावी लागते. मधुमेह आणि हृदयविकार हे पिकल्या वयाचे आजार समजले जातात. त्यांचे मूळ शोधायला निघालेल्या डॉक्टरांना वाट सापडली ती बाळंतिणींच्या खाटांपाशी. मोठ्यांचा दवाखाना आणि बाळंतपणाचा विभाग एकाच आवारात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळेच हे घडले, असे माझे ठाम मत आहे. स्वतंत्र मधुमेह संस्था म्हणून हा विभाग वेगळ्या इमारतीत निघाला असता, तर त्याला हा प्रश्न कदाचित सुचलाही नसता.

त्या आवाराला आकार दिला डॉ. बानू कोयाजी यांनी. मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे शिक्षण घेऊन लग्नानंतर त्या पुण्यात आल्या आणि १९४४ मध्ये के.ई.एम.मध्ये रुजू झाल्या. त्यांचे दीर डॉ. एदलजी कोयाजी तिथे आधीपासून काम करत होते. तेव्हा रुग्णालयात चाळीस खाटा होत्या. पुढची पन्नासहून अधिक वर्षे बाईंनी तिथे काढली आणि खाटांची संख्या साडेपाचशेपर्यंत नेली. पण खाटा वाढवण्यापुरतेच त्यांचे लक्ष मर्यादित नव्हते. बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीतून पुण्याला येईपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांनी रोज पाहिले होते. म्हणून १९७०च्या दशकात त्यांनी वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले हे गाव आरोग्य क्षेत्रातील लोकांना या प्रकल्पामुळे ठाऊक झाले. गावातल्याच मुली आणि बायकांना शिकवायचे, त्यांनीच घरोघर जायचे, त्यांनीच नोंदी ठेवायच्या, अशी ती पद्धत. १९९३ साली त्यांना सार्वजनिक सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या बाईने ठेवलेल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा, ही सवय रुग्णालयाला बाईंमुळे लागली होती आणि पुढे मधुमेह विभागाने तिच्याच आधारावर जगभर वाचले जाणारे काम केले. बाईंचे निधन २००४ मध्ये झाले. मधुमेह विभाग आज त्यांच्याच नावाच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर आहे.

विभागाची उभारणी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची. ऑक्सफर्डला डॉ. डेरिक हॉकाडे यांच्याकडे मधुमेहाच्या संशोधनाचे धडे घेऊन ते पुण्यात परतले. परदेशी पुस्तकांतला मधुमेही लठ्ठ आणि उतारवयातला असे. के.ई.एम.च्या बाह्यरुग्ण विभागात समोर येणारा माणूस तसा नसायचा. चाळिशीतला, कधी त्याहूनही तरुण, अंगाने बेताचा, वजनकाट्यावर पुस्तकाच्या हिशेबाने अगदी योग्य. आणि रक्तातली साखर मात्र चढलेली. एखाद-दुसरा रुग्ण असा असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. इथे रोजची रांगच तशी होती.

लंडनच्या वेलकम ट्रस्टच्या पाठबळावर विभागाने नव्याने मधुमेह आढळलेल्या रुग्णांची पद्धतशीर मोजमापे घ्यायला सुरुवात केली. १९९१ मध्ये छापून आलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा, की पुण्यातल्या रुग्णांत साखरेचा संबंध एकूण लठ्ठपणापेक्षा पोटाच्या घेराशी जास्त होता. हात-पाय काटकुळे, पोट मात्र सुटलेले. आता ही गोष्ट शाळेतली मुलेही जाणतात. तेव्हा ती मोजून दाखवावी लागली. पोटातली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहते आणि बरीच वर्षे साखर कशीबशी आवरून धरते. या काळात रक्तदाब आणि रक्तातली चरबी वाढत जाते, धमन्यांचे आतले अस्तर खराब होते. मधुमेहाचे निदान होण्याआधीच हृदयाचे नुकसान सुरू झालेले असते, ते असे.

पण पोटात चरबी साठवण्याची ही प्रवृत्ती आली कुठून, हा प्रश्न उरलाच. त्याला वेगळी दिशा मिळाली इंग्लंडमधून. साऊथहॅम्प्टनचे प्राध्यापक डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या वह्या मिळाल्या होत्या. एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य आरोग्यसेविकेने १९११ पासून तिथल्या सुईणी आणि आरोग्यसेविकांकडून प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहून घेतले होते. त्या वह्यांवरून बार्कर यांनी ५,६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ मध्ये त्यांनी मांडले, की जे बाळपणी वजनाला कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त होते. १९९२ मध्ये निकोलस हेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेहाबद्दलही तीच मांडणी केली. आईच्या पोटात पोषण तुटपुंजे असेल तर गर्भ मेंदूला आधी पुरवतो आणि स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाट्याला कमी येते. ही काटकसर जन्मभर टिकते. पुढे खाणे वाढले की तीच अंगाशी येते.

डॉक्टरमंडळींना हे पचायला जड गेले. भारतात तर अधिकच. कमी वजनाची बाळे आपल्याकडे घरोघरी. त्यांच्यापैकी उपासमारीत वाढलेल्यांना श्रीमंतांचा म्हणवला जाणारा रोग व्हावा, हे तर्काला धरून वाटत नव्हते. बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्याशी के.ई.एम.चा संबंध जुळला आणि हा तर्क तपासून बघायचे ठरले. तपासायला साधन हाताशीच होते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळांची वजने प्रसूतिगृहाच्या नोंदींत होती. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या आणि आता चार वर्षांच्या झालेल्या ३७९ मुलांना बोलावले, ग्लुकोजचे पाणी पाजले, रक्त तपासले. जन्मताना वजनाला कमी असलेल्या मुलांची साखर आणि इन्सुलिन ग्लुकोज घेतल्यानंतर अर्ध्या तासाने जास्त चढलेली निघाली. चार वर्षांच्या मुलांमध्ये! हीच मुले आणखी काही मुलांसह आठव्या वर्षी पुन्हा तपासली, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी, अशा मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त होता. आशीष बावडेकर आणि सहकाऱ्यांचा तो निबंध १९९९ मध्ये आला. कमी वजनाच्या बाळाला लवकर गुटगुटीत करण्याची आपल्याकडची हौस किती सांभाळून करायला हवी, हे त्यातून पुढे आले.

रुग्णालयातल्या नोंदींची एक मर्यादा होती. बाळाचे वजन कळत होते, पण ते कमी का, हे कळत नव्हते. आई काय खात होती, किती राबत होती, लग्नाच्या वेळी तिचे वजन किती होते, याची नोंद कुठेच नव्हती. ती मिळवायची तर गरोदर राहण्याच्या आधीपासूनच बाईला गाठायला हवे. १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत सुरू झालेला ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ हा त्यासाठी होता. माझ्या दृष्टीने विभागाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान हेच.

गावे शेतकऱ्यांची. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नावे आणि मोजमापे आधी नोंदवली गेली. मग दर महिन्याला कार्यकर्त्या घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की सोनोग्राफीने गर्भाचे वय पक्के होई. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाईचे वजन, रक्त, खाणे आणि दिवसभरातले काम, सगळे नोंदले जाई. सासू-सासऱ्यांच्या, जावांच्या देखत पाळीची तारीख सांगणे तेव्हाच्या खेड्यातल्या सुनेला सोपे नव्हते. महिन्यामागून महिने ती सांगितली गेली. त्या घरांनी दारात आलेल्या बायकांवर ठेवलेला हा भरवसा होता. त्यातही पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. बाळाची मोजमापे जन्मानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची होती. ही अट पाळायची तर गावातल्या खबरबातीशी कार्यकर्त्यांची नाळ घट्ट असावी लागते.

ती मोजणी कशी होत असे ते सांगण्यासारखे आहे. बाळाला उघडे करून काट्यावर ठेवायचे. मग फळीवर आडवे निजवायचे. एकीने डोके धरायचे, दुसरीने पाय सरळ करायचे आणि डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी घ्यायची. फीत लावून डोक्याचा, दंडाचा, पोटाचा घेर. शेवटी कॅलिपर. दंडाच्या मागच्या बाजूची आणि पाठीवर खवाट्याखालची कातडी बोटांच्या चिमटीत हलकेच उचलायची आणि कॅलिपरच्या दोन टोकांत धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची. बाळ रडते, हात-पाय झाडते, कातडी चिमटीतून निसटते. एकीने वाचलेला आकडा आणि दुसरीने वाचलेला आकडा जुळला पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप वाया. वारेचेही वजन होई. या सहा गावांतून साडेसातशेच्या आसपास बाळांच्या अशा नोंदी जमल्या.

आणि आया? सरासरी वय २१, उंची १५२ सेंटिमीटर, गरोदरपणाआधीचे वजन ४२ किलो. दिवसाला सुमारे १,७५० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने एवढा आहार. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आहाराचा हिशेब मांडला तेव्हा अपेक्षेला धक्का बसला. कॅलरी किती किंवा प्रथिने किती, याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा मेळ बसेना. मेळ बसला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. ज्या बाईच्या ताटात गरोदरपणात वारंवार पालेभाजी होती, तिचे बाळ वजनदार होते. मेथी, शेपू, पालक, चाकवत या शेताच्या बांधावरच्या आणि आठवडे बाजारातल्या भाज्या. भाकरी वाढवायची की भाकरीबरोबर काय वाढायचे, हा प्रश्न तिथून वेगळा झाला. या निष्कर्षाचा गावात उपयोग करणे गावातल्याच बाईला शक्य होते, म्हणून मला तो विशेष वाटतो. दुसरा निष्कर्ष कामाचा. विहिरीवरून पाणी आणणे, कपडे धुणे, शेतातली कष्टाची कामे ज्यांच्या वाट्याला गरोदरपणात जास्त आली त्यांची बाळे अंगाने लहान निघाली. हंडा कोण उचलतो, हा घरातला प्रश्न थेट बाळाच्या डोक्याच्या आणि दंडाच्या घेरापर्यंत पोचत होता.

मग या बाळांची तुलना साऊथहॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. तिथली सरासरी साडेतीन किलोची. पुण्याकडची बाळे सगळ्याच मापांत लहान असणार हे उघड होते. कोणते माप किती लहान, यात खरे गूढ होते. सर्वांत जास्त मार बसला होता पोटाच्या घेराला, म्हणजे यकृतासारख्या आतल्या अवयवांना, आणि दंडाला, म्हणजे स्नायूंना. सर्वांत कमी मार बसला होता खवाट्याखालच्या चरबीला. पावणेतीन किलोचे बाळ, बघायला अगदी अशक्त, पण चरबी राखून असलेले. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि ‘कृश-स्थूल भारतीय बाळ’ जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात आले. त्याच सुमारास नाळेच्या रक्ताची तुलना लंडनच्या गोऱ्या बाळांशी केली तेव्हा वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांच्या नाळेत इन्सुलिन आणि चरबीशी निगडित लेप्टिन यांचे प्रमाण त्या मानाने जास्त आढळले. चाळिशीतल्या रुग्णात दिसलेले सुटलेले पोट आणि काटकुळे हात-पाय जन्मतःच दिसत होते. स्नायू कमी म्हणजे साखर वापरणारी जागा कमी. चरबी जास्त म्हणजे इन्सुलिनला विरोध जास्त. एवढे भांडवल घेऊन जन्मलेल्या मुलाला शहरातली नोकरी, बसून काम आणि तेलकट खाणे मिळाले की पुढचा मार्ग ठरल्यासारखाच.

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र आले. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एका पानात मावणारे ते चित्र अनेक निबंधांपेक्षा दूर पोचले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांबाबत या इंडेक्सच्या २५ या रेषेची वाट न पाहता २३ पासूनच सावध व्हावे, असे सुचवले.

दरम्यान गावांतली मुले सहा वर्षांची झाली होती. त्यांच्या आयांचे गरोदरपणातले रक्त राखून ठेवलेले होते. त्यातून जे निघाले ते फारसे कोणाच्या मनात नव्हते. साठ टक्क्यांहून जास्त आयांना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. फोलेट मात्र जवळजवळ सर्वांना पुरेसे होते. २००८ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की ज्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध होता. बी-१२ आणि फोलेट पेशींत जोडीने काम करतात. एक भरपूर आणि दुसरे अपुरे असले की गाडी अडते आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साठते. होमोसिस्टीनचा धमन्यांच्या आजाराशी संबंध हृदयतज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होता. विभागाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. त्यात ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी निघाले, ५८ टक्क्यांचे होमोसिस्टीन वाढलेले. सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गाची होती: तिथे ८१ टक्क्यांचे बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज अन्नात असते. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातूनच काय ते मिळते, आणि चहात पडणाऱ्या दुधाने ते भागत नाही. खाऊनपिऊन सुखी समजल्या जाणाऱ्या, आपल्या आहाराला सात्त्विक म्हणणाऱ्या पेठांमधल्या आणि उपनगरांमधल्या घरांसाठी ही बातमी होती. ती जितकी पोचायला हवी तितकी अजूनही पोचलेली नाही, याची मला खंत वाटते.

मुले वाढत गेली. बारा वर्षांची झाली, अठरा वर्षांची झाली. गावातून शिकायला, नोकरीला, लग्न होऊन बाहेर गेली. तरी दर टप्प्यावर दहापैकी नऊहून जास्त मुले तपासणीला आली. लांब पल्ल्याच्या अभ्यासांत ही गोष्ट जगात कुठेही दुर्मीळच. वर्षानुवर्षे त्याच कार्यकर्त्या त्याच दारात जात राहिल्या, त्याचे हे फळ. अठराव्या वर्षी ६१९ जणांची ग्लुकोज चाचणी झाली. जवळजवळ निम्मे, ४८ टक्के, वजनाच्या मापात कृश होते. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. त्यांतले बहुतेक पूर्ण मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बालपणी ज्यांची साखर त्यातल्या त्यात वरच्या बाजूला होती, त्यांच्यावरच अठराव्या वर्षी ही पाळी जास्त आली होती. हे आकडे पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. अठरा वर्षांची, काटक दिसणारी, शेतात आणि गाडीवर धावपळ करणारी मुले. चाळिशीत तपासणी सुरू करण्याचा आपला शिरस्ता त्यांच्यासाठी दोन दशके उशिराचा आहे.

नुसते मोजत बसायचे नाही, हे विभागाने केव्हाच ठरवले होते. २०१२ मध्ये याच मुला-मुलींना घेऊन ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. गरोदर राहिल्यावर गोळ्या देणे म्हणजे पेरणी झाल्यावर नांगरणी. म्हणून इथे किशोरवयातच सुरुवात केली. एका गटाला रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्या गटाला त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि दुधाची भुकटी, तिसऱ्याला निष्क्रिय गोळी. पहिले मूल होईपर्यंत. मुलगेही त्यात होते, कारण बाळ दोघांचे असते. गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातले बी-१२ वाढले आणि त्यांच्या बाळांच्या नाळेपर्यंत पोचले. थोड्याच बाळांच्या दोन वर्षे वयाच्या तपासणीत, नुसते बी-१२ घेतलेल्या आयांची मुले आकलनात आणि भाषेत पुढे दिसली. १९९३ मध्ये ज्यांच्या घरी जाऊन पाळीची तारीख विचारली त्या बायका आता आज्या आहेत. त्यांच्या नातवंडांचीही मोजमापे त्याच पद्धतीने, त्याच मापांनी घेतली जात आहेत. आजी, आई आणि बाळ अशा तीन पिढ्यांची नोंद एकाच विभागाकडे असणे ही भारतात फार थोड्या ठिकाणी असलेली ठेव आहे.

सहाव्या मजल्यावर रोजचे रुग्ण येतच असतात. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले आजोबा, पायाची जखम दाखवायला आलेल्या मावशी, गरोदरपणात साखर वाढल्याने धास्तावलेली सून. संशोधनाचे प्रश्न याच रांगेतून निघाले आणि पुढचेही निघत राहतील. आत्ताचा प्रश्न मात्र रुग्णालयाच्या हातात नाही. सरकारी कार्यक्रमात शाळेतल्या किशोरवयीन मुला-मुलींना दर आठवड्याला जी निळी गोळी मिळते, तिच्यात लोह आहे आणि फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच, आहे, बी-१२ नाही. सहा गावांतल्या रक्ताने जे सांगितले ते पाहता, फोलेट वाढवत राहायचे आणि बी-१२ कडे बघायचे नाही, हे धोरण बदलायला हवे. दोन मायक्रोग्रॅमचा खर्च नगण्य आहे. त्या गोळीत बी-१२ घालण्याची मागणी पुण्यातल्या, महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि अंगणवाडी ताईंनी एकत्र येऊन लावून धरायला हवी, आणि ती लगेच सुरू करायला हवी.